बजी आजारी पडलाय हे लवकर कसं ओळखायचं आणि मग पहिल्या काही तासांत काय करायचं

बजी म्हणजे बजरिगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट. तो पाळणाऱ्यांकडून हे वाक्य कायम ऐकायला मिळतं, "काल संध्याकाळपर्यंत अगदी मस्त होता, सकाळी बघतो तर पिंजऱ्याच्या तळाला बसलेला." काल संध्याकाळी तो मस्त नव्हता, फक्त तसं दाखवत होता. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला, थव्याने राहणारा पक्षी, आणि तिथे थव्यात जो कमजोर दिसतो त्याच्यावर शिकारी पक्ष्याची नजर आधी जाते, त्यामुळे आजार लपवणं त्याच्या रक्तातच आहे आणि आपल्या ऐरोलीच्या फ्लॅटमधे जन्मलेल्या पिल्लातही ते तसंच असतं. तो आपल्याला आजारी "दिसतो" तेव्हा बऱ्याचदा लपवायची ताकद संपलेली असते. त्यात वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, म्हणजे इंजिन सतत फुल स्पीडला आणि टाकी एवढीशी. एक दिवस पोटात काही गेलं नाही तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून "दोन दिवस वाट बघू" हे कुत्र्या-मांजराला कधीकधी चालत असेल, बजीला चालत नाही.

सगळ्यात आधी तब्येतीत असलेला पक्षी ओळखा

आजार ओळखायची तयारी पक्षी ठणठणीत असतानाच करायची असते. रोज सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं की दोन-तीन मिनिटं नुसतं बघायचं, हात आत न घालता, थोडं लांबूनच. कारण आपण जवळ गेलो की तो पिसं चापून ताठ बसतो आणि आजारीपण पुन्हा लपतं. म्हणून दुसऱ्या खोलीतून, दाराआडून बघायची सवय लावा, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून दहा मिनिटं समोर ठेवून दिला तर अजून चांगलं.

दुसरी गोष्ट वजन. ऑनलाइन एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा काटा सहज मिळतो, त्यावर छोटी दांडी किंवा वाटी ठेवा, वाटीत थोडी कांगणी म्हणजे राळ्याचे दाणे टाका, पक्षी आपणहून बसायला शिकतो. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. ३५ ग्रॅमचा पक्षी ३१-३२ वर आला तर दहा टक्के वजन गेलं, आणि हे पिसांमुळे डोळ्याला अजिबात कळत नाही. काटा नसेल तर छातीच्या मधलं उभं हाड बोटाने हलकेच चाचपून बघा, दोन्ही बाजूला मांस भरलेलं असेल तर ठीक, हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला लागलं तर पक्षी बऱ्याच दिवसांपासून खंगतोय.

तिसरी गोष्ट शी. ऐकायला कसंतरी वाटेल पण बजीच्या तब्येतीची सगळ्यात जास्त माहिती इथूनच मिळते. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र नको, साधा पांढरा कागद किंवा किचनचा टिश्यू घाला आणि रोज बदला. नॉर्मल शीमधे तीन भाग दिसतात, हिरवट किंवा तपकिरी घट्ट वळी, तिच्यावर पांढरा ठिपका, आणि आजूबाजूला थोडंसं पाणी. दिवसाला अशा तीस-पन्नास तरी पडतात. गाजर, बीट खाल्लं की रंग बदलतो, काकडी किंवा भरपूर कोथिंबीर खाल्ली की पाणी वाढतं, मादी अंडी घालायच्या बेतात असली की शी मोठी होते, हे सगळं चालतं. पण पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी व्हायला लागला तर लिव्हरकडे बोट जातं. काळी, डांबरासारखी शी म्हणजे आत वरच्या भागात कुठेतरी रक्तस्राव असू शकतो. गडद हिरवी आणि अगदी थोडी म्हणजे पोटात अन्न जात नाहीये. शीमधे अख्खे दाणे दिसले तर पचन बिघडलंय. आणि एकूण संख्या एकदम निम्म्यावर आली तर रंग कसाही असो, काळजी घ्या.

खाण्याबद्दल एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल परत वाटीतच पडतं. वाटी भरलेली दिसते आणि आत फक्त टरफलं असतात, या एका कारणाने पक्षी उपाशी राहिल्याची उदाहरणं आहेत. रोज वाटीवर हलकी फुंकर मारा, टरफलं उडवा, मग किती उरलंय ते बघा. उलटंही होतं, आजारी पक्षी वाटीत चोच घालून दाणे नुसते चाळतो, सोलत नाही, आणि आपल्याला वाटतं खातोय. ताजी टरफलं पडतायत का, हीच खरी खूण.

कोणती लक्षणं किती गंभीर

पिसं फुगवून गोळा होऊन बसणं हे पहिलं लक्षण. झोपायच्या आधी, आंघोळीनंतर, थंड हवेत थोडा वेळ फुगणं नॉर्मल आहे. दिवसाढवळ्या, बाकीचे कलकल करत असताना एकटाच तासभर फुगून, डोळे अर्धे मिटून बसलाय, हे नॉर्मल नाही. पायांकडेही बघा, निरोगी बजी बहुतेक वेळा एक पाय वर घेऊन झोपतो, आजारी पक्षी तोल सांभाळायला दोन्ही पायांवर झोपतो. एकट्या या खुणेवर निष्कर्ष काढू नका, पण फुगणं आणि दोन्ही पायांवर झोपणं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा.

श्वास. शांत बसलेला असताना प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली हलत असेल तर श्वास घ्यायला त्याला जोर लावावा लागतोय. उडून आल्यावर मिनिटभर हललं तर ठीक, बसल्या जागी सतत हललं तर इमर्जन्सी. चोच उघडी ठेवून श्वास घेणं त्याहून गंभीर. श्वासाबरोबर टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि पक्षी वर्षानुवर्षं फक्त दाण्यावर असेल तर आयोडीनच्या कमतरतेने थायरॉइड सुजून श्वासनलिकेवर दाब आलेला असू शकतो, हे वेळेत कळलं तर उपचाराने सुधारतं. दिवसातून दोन-चार कोरड्या शिंका येतातच, पण नाकपुडीभोवतीची पिसं ओली किंवा चिकट दिसली तर ते साधं नाही.

उलटी आणि भरवणं यात खूप जण गोंधळतात. नर आरशाला, खेळण्याला किंवा जोडीदाराला मान वरखाली करत नीट, एका जागी दाणे काढून भरवतो, ते प्रेम आहे, आजार नाही. उलटी करणारा पक्षी डोकं झटकतो, चिकट दाणे इकडे तिकडे उडतात, डोक्यावरची आणि गालावरची पिसं चिकटून जातात. अशा पक्ष्याच्या गळ्याखालच्या पिशवीत म्हणजे क्रॉपमधे यीस्टचं किंवा ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म परजीवीचं इन्फेक्शन असू शकतं, आणि ते क्रॉपमधला नमुना मायक्रोस्कोपखाली बघूनच कळतं, अंदाजाने नाही.

नाकाचा रंग, म्हणजे चोचीच्या वरचा मऊ भाग. मादीचा तपकिरी आणि खरखरीत झाला तर ती बहुतेक अंड्यावर आलीये, घाबरू नका. पण मोठ्या नराचा निळा भाग हळूहळू तपकिरी होत असेल तर वृषणाचा ट्यूमर असू शकतो, बजींमधे हे तसं कमी नाही. याला जोडूनच, पडल्याशिवाय किंवा मार लागल्याशिवाय एकच पाय लुळा पडणं, आपण समजतो मोच आली, पण आत किडनीजवळचा ट्यूमर नसेवर दाबत असला तरी असंच दिसतं, म्हणून लंगडणारा पक्षी दाखवून घ्याच.

चोचीच्या कडेला, डोळ्याभोवती, पायावर पांढरट, स्पंजासारखी, बारीक भोकं असलेली खपली दिसली तर ते खरजेचे किडे, स्केली फेस माइट. यात पक्षी खातो-पितो, उडतो, म्हणून महिनोन् महिने दुर्लक्ष होतं आणि चोच कायमची वाकडी होते. डॉक्टरांकडे आयव्हरमेक्टिनचा मोजून दिलेला थेंब असतो, काही आठवड्यांत फरक पडतो, सोप्यातला सोपा उपचार आहे.

आणि एक फसवा आजार. पक्षी दिवसभर वाटीवर असतो, भरपूर खातोय असं वाटतं, आणि तरी वाळत जातो, शीमधे अख्खे दाणे. याला बोली भाषेत मेगाबॅक्टेरिया म्हणतात, प्रत्यक्षात ते बॅक्टेरिया नाहीत, जठरात वाढणारं एक यीस्ट आहे, म्हणून नेहमीची अँटिबायोटिक यावर काहीच करत नाहीत. ताज्या शीची तपासणी करून कळतं आणि अँफोटेरिसिन नावाचं बुरशीवरचं औषध तोंडातून द्यावं लागतं, कधीकधी महिनाभर.

लक्षण दिसलं, आता पहिले काही तास

आधी ऊब, मग खाणं, मग डॉक्टर, आणि तिन्हीची तयारी एकाच वेळी. आजारी पक्ष्याची बरीचशी ताकद अंग गरम ठेवण्यातच जाते, ती वाचवली की उरलेली आजाराशी लढायला मिळते.

छोटा पिंजरा किंवा हवेसाठी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या. तळाला पांढरा टिश्यू. दांडी काढून टाका किंवा अगदी तळाशी एक लावा, उंचावरून पडायला नको. तीन बाजू कापडाने झाका. बाकी पक्ष्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. आतलं तापमान ३० अंशांच्या आसपास हवं, आणि त्यासाठी छोटा थर्मामीटर आत ठेवाच, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. आता घरोघरी एलईडी बल्ब आहेत आणि त्यांची ऊब मिळत नाही, त्यामुळे इलेक्ट्रिकच्या दुकानातून जुना पिवळा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब मिळाला तर आणून ठेवा, नाहीतर शेकायचं इलेक्ट्रिक पॅड लो वर बॉक्सच्या बाहेरून टेकवा. काहीच नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी, उकळतं नाही, नॅपकिनमधे गुंडाळून एका बाजूला, आणि ते तासा-दीड तासाने बदलत राहा. ऊब कायम एकाच बाजूने द्या म्हणजे गरम झालं तर पक्ष्याला दुसरीकडे सरकता येतं. तो पंख अंगापासून लांब धरून धापा टाकायला लागला तर जास्त झालंय, लगेच कमी करा. पंखा आणि एसीचा झोत थेट नको.

खाणं तोंडासमोर. ताटलीत कांगणी पसरून ठेवा, मिळाली तर कांगणीची अख्खी लोंबी, ती आजारी बजीही बऱ्याचदा चघळतो. पाणी उथळ झाकणात. मंद उजेड राहू दे, अंधारात तो खाणार नाही.

पक्षी धरायची वेळ आली तर पातळ नॅपकिनमधे, मान दोन बोटांच्या मधे, आणि छाती अजिबात दाबायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा पोट-छातीतला पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास आत जातो, आपण घट्ट धरलं की तो आपल्या हातातच गुदमरतो.

हे मात्र करू नका

घरातल्या मोठ्यांचा जीव असतो पक्ष्यावर, म्हणून प्रेमापोटीच सगळे सुचवतात, ब्रँडीचा थेंब द्या, विक्स लावा, कापूर जवळ ठेवा, क्रोसिनचा तुकडा पाण्यात घाला. यातलं एकही नको. दारूचा थेंब आपल्याला थेंब आहे, ३५ ग्रॅमच्या जिवाला तो खूप मोठा डोस आहे. विक्स, कापूर, निलगिरी यांचा वास पक्ष्याच्या फुफ्फुसाला झेपत नाही. खपलीवर खोबरेल तेल चोपडलं तर ते पिसांना लागून पिसं चिकटतात आणि ऊब निघून जाते.

चमच्याने किंवा ड्रॉपरने जबरदस्ती पाणी पाजणं हे तर फार धोक्याचं, अशक्त पक्ष्याच्या श्वासनलिकेत पाणी जातं आणि मूळ आजार राहतो बाजूला.

आणि ती पेट शॉपमधली पाण्यात टाकायची पिवळी अँटिबायोटिक पावडर. यावर माझं मत पक्कं आहे, ती देऊ नये. बजी तसाही दिवसाला जेमतेम चमचाभर पाणी पितो, आजारी असला की अजून कमी, त्यात कडू लागलं तर पितच नाही, म्हणजे औषध किती पोटात गेलं ते कोणालाच माहीत नाही. आजार बुरशीचा किंवा किड्यांचा असेल तर त्याचा उपयोग शून्य, आणि पुढे डॉक्टरांनी टेस्ट केली तर अर्धवट अँटिबायोटिकमुळे रिपोर्टही नीट येत नाही. दुकानदार चांगला माणूस असेल, पण तो डॉक्टर नाही.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा

ठाणे-नवी मुंबईत क्लिनिक भरपूर आहेत पण बहुतेक कुत्र्या-मांजरांची. म्हणून आजच, पक्षी चांगला असताना, दोन-चार ठिकाणी फोन करून सरळ विचारा, "पक्षी बघता का? बजी हाताळता का? शीची तपासणी, क्रॉपची तपासणी तुमच्याकडे होते का? रविवारी कोण असतं?" दोन नंबर फ्रिजवर लिहून लावा. जवळपास कोणीच नसेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, ज्याला सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तिथे पक्षीही बघतात, आणि ठाण्याहून सेंट्रलने, नवी मुंबईहून कुर्ल्याला गाडी बदलून जाता येतं. पण निघायच्या आधी फोन करून वेळ विचारा, आणि सकाळच्या गर्दीच्या लोकलमधे आजारी पक्षी नेऊ नका, त्या दिवशी टॅक्सीचा खर्च करा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधे रिक्षाने जाणार असाल तर धूळ आणि वारा लागणार नाही असा बॉक्स झाका, हवा मात्र खेळती राहू दे.

नेताना पाण्याची वाटी काढा, हिंदकळून पक्षी भिजतो, त्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवा. शेवटच्या काही तासांच्या शीचा कागद तसाच घेऊन जा, साफसफाई करून नेऊ नका. श्वासाचा आणि बसण्याचा घरी काढलेला व्हिडिओ दाखवा, कारण टेबलावर तो पुन्हा ताठ बसून सगळं लपवणार. वजनाचे आकडे, काय खातो, नवीन पक्षी कधी आणला, घरात पेंट किंवा पेस्ट कंट्रोल झालंय का, हे सगळं एका कागदावर लिहून न्या, तिथे घाईत आठवत नाही.

ज्यात मिनिटं मोजायची असतात

अंडं अडकणं. मादी तळाला, पाय फाकवून, पेंग्विनसारखी उभी, शेपटी हलतेय, जोर लावतेय, पोट फुगलेलं. नर नसतानाही मादी अंडी घालते हे लक्षात ठेवा. ऊब वाढवा, बॉक्समधे ओला नॅपकिन ठेवून दमटपणा द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न कधीच नको, आत फुटलं तर मादी वाचणं कठीण. समुद्रफेस म्हणजे दुकानातलं कटलबोन कायम पिंजऱ्यात असावं, आणि पिल्लं नको असतील तर पिंजऱ्यात अंडी घालायला लावलेलं मडकं काढून टाका, मडकं दिसलं की मादी अंडी घालत राहते आणि तिच्या हाडातलं कॅल्शियम संपत जातं.

रक्त. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे साडेतीन मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, आणि एका मिलिलिटरमधे साधारण वीस थेंब, त्यामुळे आठ-दहा थेंब गेले तरी गंभीर. नखातून येत असेल तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा, वाढत्या पिसातून येत असेल तर स्वच्छ कापसाने दाबा, थांबलं नाही तर निघा.

धूर आणि वाफा. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर जास्त तापला की निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत जातो, म्हणून पिंजरा किचनजवळ असू नये, छोट्या वन बीएचकेत तर माझ्या मते नॉनस्टिक वापरूच नये. कॉइल, अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, दिवाळीतला धूर, तुर्भे-रबाळे पट्ट्यात रात्री येणारा कंपन्यांचा वास, हे सगळंच त्रासाचं. असं काही झालं आणि पक्षी धापा टाकतोय तर आधी ताज्या हवेत न्या, मग डॉक्टर.

ऊन. एप्रिल-मेमधे पश्चिमेच्या ग्रिलमधला पिंजरा दुपारी भट्टी होतो. पंख लांब, चोच उघडी, डोळे जड. सावलीत न्या, पायांवर साध्या पाण्याचा फवारा मारा, बर्फाचं पाणी नको.

मांजर किंवा कावळा. ग्रिलमधून नख लागलं, जखम दिसत नसली तरी मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारतात, काही तासांत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि तेही डॉक्टरांच्या हातून.

घरातल्या माणसांसाठी आणि बाकीच्या पक्ष्यांसाठी

सिटॅकोसिस हा पक्ष्यांकडून माणसाला होणारा आजार, क्लॅमिडिया सिटॅसी नावाच्या बॅक्टेरियाने होतो. पक्ष्यात डोळ्यातून पाणी, पोपटी शी, फुगून बसणं, आणि माणसात ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. पक्षी आजारी असताना घरात कोणाला असा ताप आला तर आपल्या डॉक्टरांना "घरात बजी आहेत" हे आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या डोक्यात हे येणार नाही. दोघांनाही औषध आहे, पक्ष्याचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स मात्र लांब असतो, पारंपरिक ४५ दिवसांचा. वाळलेली शी झाडूने उडवू नका, आधी पाणी मारून ओली करा, मास्क लावा, हात धुवा. बाल्कनीतल्या कबुतरांची शी पिंजऱ्यात पडणार नाही अशी जाळी हवी.

क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुठूनही नवीन पक्षी आणला तर निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्या, आणि जुन्या पक्ष्यांचं सगळं आधी करून मग नव्याकडे जायचं, उलट नाही. पावसाळ्यात दाणे थोडेच आणा, हवाबंद डब्यात ठेवा, कुबट वास आला की सरळ फेका, त्या बुरशीने फुफ्फुसं जातात.

पक्षी बरा व्हायला लागला की ऊब एकदम बंद करू नका, दोन-तीन दिवसांत थोडी थोडी कमी करत आणा. या काळात वजन रोज सकाळी. औषधाचा कोर्स पूर्ण करा, तिसऱ्या दिवशी गायला लागला म्हणून थांबवू नका. वजन जुन्या आकड्यावर आलं, शी नीट झाली आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच त्याला बाकीच्यांमधे सोडा, आणि पहिले दोन-चार दिवस कोणी त्याला वाटीपासून हाकलत नाही ना, ते बघायला दुसरी वाटी वेगळ्या कोपऱ्यात लावून ठेवा.